भेटलं ना, मंग काहून फिरून राहिला?

जे शोधत होतात ते हाती लागल्यावर तुम्ही थांबता का? लगेच हो म्हणू नका. सभेतला निर्णय पहिल्या चहाबरोबर झालेला असतो आणि आपण दुसऱ्या चहापर्यंत बोलत बसतो. भांडणात समोरच्यानं चूक कबूल केलेली असते, तरी आपण जुनी भांडणं उकरायला निघतो. पत्रक दुसऱ्या परिच्छेदात संपलेलं असतं आणि कागद उरलाय म्हणून खाली आणखी घोषणा येतात. हे शेवटचं मी घरच्या अनुभवावरून सांगते. माझे वडील अमरावतीत पत्रकं काढायचे. जयंती असो, मोर्चा असो, घरात ओल्या शाईचा वास असायचा आणि आम्ही भावंडं घड्या घालत बसायचो. कोरा राहिलेला कागद वडिलांना अन्याय वाटायचा. मलाही वाटायचा.

मला थांबणं शिकवलं ते प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या एका बाईंनी. सुजाता तायडे. मुलं त्यांना माघारी 'ब्रेकवाल्या मॅडम' म्हणायची. त्या मूळच्या बाळापूरच्या, राहायला अकोल्यात आईजवळ. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायच्या आणि तिथून ऑटोनं अमरावतीत, आमच्या कॉलेजात. अंगावर सुती कुर्ता, पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा आणि खडू. खडू कॉलेजचे मिळत, पण ते फळ्यावर किरकिरतात म्हणून त्या स्वतःचे आणत.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे शिकवाल तितक्या तासांचा पगार, उन्हाळ्यात काही नाही, आणि जून आला की विभागप्रमुखांनी नाव सुचवलं तरच पुन्हा वर्ग. त्यांच्या नोकरीला दर जूनमध्ये नव्यानं जन्म घ्यावा लागायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना तर होतंच. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. वर्गात येताच विचारलं, "गाडीची चावी कोणाजवळ आहे?" एकीनं दिली. त्यांनी मुलांना डोळे मिटायला लावले, चावी कुणाच्या तरी बॅगेत टाकली आणि मागच्या बाकावरच्या इरफानला उठवलं. "जा, शोध. पहिल्या बॅगेपासून एकेक पाहत जाय."

इरफान अंजनगाव सुर्जीचा. वडिलांचं शिलाईचं दुकान. घरी उर्दू, बाहेर वऱ्हाडी आणि परीक्षेत थोडी इंग्रजी अशी त्याची विभागणी होती. तो एकेक बॅग उघडत गेला. थोड्याच बॅगांनंतर चावी निघाली. त्यानं ती उंच धरली आणि जागेवर येऊन बसला.

"काहून बसला?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, भेटली ना चावी."

"अन् बाकीच्या बॅगा कोण पाहीन?"

"कायले पाहू? भेटली ना!"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला: ब्रेक. "एकच काम पुन्हा पुन्हा करायले लावणं म्हणजे लूप. कामाचं भेटलं की लूपमधून बाहेर पडणं म्हणजे ब्रेक. यानं आता जे केलं, ते मशीनले आपोआप समजत नाही. मशीन शेवटच्या बॅगेपर्यंत जाते, चावी हातात धरून. तिले सांगा लागते: भेटलं ना, मंग काहून फिरून राहिली?"

हे वाक्य पुढे आमच्या वर्गाचं झालं. कँटीनमध्ये कुणी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागलं की कोपऱ्यातून आवाज यायचा, "भेटलं ना, मंग काहून फिरून राहिला?" पुण्याकडच्या माणसाला हे वाक्य नीट कळणार नाही. आमच्याकडे 'काहून' म्हणजे का आणि 'फिरून राहिला' म्हणजे अजून फिरतोच आहे. आणि 'भेटलं' म्हणजे सापडलं. या शब्दामुळे पुढे काय झालं ते सांगतेच.

मॅडम कोड मोठ्यानं वाचायच्या. आपण लिहिलेला प्रोग्रॅम पडद्यावर, त्या मागे उभ्या, आणि ओळीमागून ओळ मराठीत म्हणत जाणार. "यादी घे. पहिल्या नावापासून चाल. नाव जुळलं का पाहा." वाचता वाचता दम लागला की थांबायच्या. "इथं माही साससुद्धा पुरली नाही. तोड हे. दोन तुकडे कर." कंस कुठं लावायचा, जागा किती सोडायची, यावर त्या कधी वाद घालत नसत. "ते ज्याच्या त्याच्या घरचं आहे. ज्या घरी काम कराल, त्या घरासारखं करा. चप्पल बाहेर काढतात तं बाहेर काढा." नावांच्या बाबतीत मात्र कडक. एका मुलानं प्रोग्रॅममधल्या सगळ्या वस्तूंना ए, बी, सी अशी नावं दिली होती. त्याला म्हणाल्या, "तुह्या मायनं तुले 'ए' म्हणून हाक मारली असती, तं तू आला असता का?"

"आलो असतो ना, मॅडम. आमच्या घरी 'ए' म्हणूनच बोलावते," तो म्हणाला. त्या दिवशी त्या हसल्या. आणि तरी नावं बदलून घेतली.

माझ्या प्रोग्रॅमवर त्यांनी पहिल्यांदा मान हलवली तेव्हा मला वाटलं कौतुक आहे. मी प्रत्येक ओळीवर टीप लिहिली होती. का लिहिलं, कुणासाठी लिहिलं, न लिहिल्यास काय अनर्थ होईल.

"काय वं, हा प्रोग्रॅम आहे का जाहीरनामा?"

"मॅडम, समजायला सोपं जावं म्हणून..."

"ओळ साधी लिहिली असती तं टीप लागली नसती. तुले ओळीवर भरोसा नाही म्हणून तू तिच्या डोक्यावर भोंगा बसवला."

त्या कमी बोलायच्या असं नाही. बोलायच्या आणि मग संपायच्या. फोनवर काम झालं की "झालं? ठेवते." लग्नात गेल्या की नवरा-नवरीला भेटून, जेवून, फोटोच्या रांगेत न थांबता बाहेर. स्टाफच्या बैठकीत निर्णय झाला की पिशवी उचलायच्या. इतर प्राध्यापकांना हा उद्धटपणा वाटे. पण एखाद्या पोराला लूप कळत नसेल तर याच बाई त्याच्या बाकाशी बसून राहत. गाडी सुटायची, पुढची सुटायची. कुणी आठवण केली की म्हणायच्या, "याले अजून कुठं भेटलं आहे?"

त्यांच्या एका सवयीची आम्ही सगळे धास्ती घ्यायचो. राग आला की त्या वऱ्हाडी सोडून प्रमाण मराठीत बोलायच्या. 'तुले' जाऊन 'तुला' आलं की वर्ग सरळ बसायचा.

ते एकदा प्रयोगशाळेत झालं. मॅडमनी लग्नानंतर काही महिन्यांतच सासर सोडलं होतं, हे कॉलेजात कुजबुजीनं फिरत असे. एका मुलानं मागे पुटपुटून म्हटलं, "मॅडमले ब्रेक काहून आवडते, माहीत आहे ना बे?" आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

मॅडम त्याच्यापाशी गेल्या. "तुला विचारायचं असेल तर सरळ विचार. बाहेर कधी पडायचं, याची अट मी आत जायच्या आधीच ठरवली होती. पहिला हात उठला की बाहेर. अट पूर्ण झाली. मी बाहेर पडले. त्यानंतर फिरत बसले नाही." मग फळ्याकडे वळून, पुन्हा आपल्या बोलीत, "ब्रेकच्या आधी अट लिहा लागते. बिनाअटीचा ब्रेक म्हणजे पळून जाणं. चला, पुढं."

तो मुलगा नंतर माफी मागायला गेला. त्यांनी त्याला अर्ध्यातच थांबवलं. "झालं. जा."

आता नियमाकडे येते. आमचे विभागप्रमुख मोहोड सर. माणूस वाईट नव्हता, हे पत्रकात लिहिता येत नाही, म्हणून इथं लिहिते. त्यांनी आयुष्यभर पोरांचे गुंतागुंतीचे प्रोग्रॅम तपासले होते. दहा ठिकाणी ब्रेक, कुठून शिरलं आणि कुठून निघालं याचा पत्ता नाही. त्यांनी विभागाची एक लेखनशैली ठरवली आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावली. तीत एक नियम होता: लूपला आत जायला एक दार, बाहेर पडायला एक दार. मध्येच ब्रेक वापरल्यास शैलीचे गुण मिळणार नाहीत.

मॅडमचं म्हणणं, बाहेर पडायची अट लूपच्या डोक्यावरच लिहिली तर ब्रेक लागत नाही, आणि तेही चांगलंच. मोहोड सरांना हेच हवं होतं. पण पोरांनी नियमातून वेगळीच वाट काढली. नाव जुळलं की ते मोजणीचा आकडा उचलून थेट शेवटाला नेऊन ठेवायचे. मशीनला वाटायचं यादी संपली, आणि लूप गुमान थांबायचं. ब्रेक नाही, नियम मोडला नाही, पूर्ण गुण.

"हे काय केलं?" मॅडमनी एकाला विचारलं होतं.

"मॅडम, थांबवलं."

"थांबवलं नाही. तू त्याले म्हटलं, यादी संपली. संपली होती का? थांबायचं असन तं थांब. खोटं बोलून कायले थांबतो?"

त्या मोहोड सरांकडे गेल्या. नियम काढू नका, पण ही युक्ती तरी थांबवा, नाहीतर ब्रेक चालू द्या. सर म्हणाले, "मॅडम, पोरं आहेत. एक सवलत द्याल तर दहा घेतील." दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले आणि प्रात्यक्षिक परीक्षा आली.

बाहेरचे परीक्षक पश्चिम महाराष्ट्रातून आले होते. सोबत अंतर्गत परीक्षक म्हणून मॅडम. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गुण पुढे विद्यापीठात जात नसत. मी इरफानच्या मागच्या मशीनवर होते. प्रश्न साधा होता: यादीत दिलेलं नाव शोधा आणि ते कितव्या जागी आहे ते सांगा.

परीक्षकांनी इरफानचा कागद हातात घेतला. प्रोग्रॅम चालवला नाही, कागदच वाचला. त्यात इरफाननं एका वस्तूला 'भेटलं' असं नाव दिलं होतं. "हे काय? 'भेटलं'? कोण कोणाला भेटलं?"

"सर, नाव भेटलं."

"नाव सापडतं. माणूस भेटतो."

"आमच्याकडे सगळंच भेटते, सर," इरफान म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. परीक्षकांना ती चेष्टा वाटली.

"आणि ब्रेक आहे. भिंतीवरचा नियम वाचला नाही?" त्यांनी शैलीचे गुण खोडले, भाषेवरून आणखी काही कापले. इरफानचं आधीच काठावर होतं. एवढ्यानं तो नापास होत होता. शेजारच्या धीरजचा कागद त्यांनी वरून खाली पाहिला. ब्रेक नाही. नावं इंग्रजी. पूर्ण गुण.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, दोन्ही एकदा चालवून पाहूया."

प्रमाण मराठी. आम्ही सगळे सरळ बसलो.

"गरज नाही, मॅडम. कागदावर दिसतंय."

"मला दिसत नाही. चालवल्याशिवाय मी सही करणार नाही."

इरफानच्या प्रोग्रॅमनं नाव शोधलं आणि बरोबर जागा सांगितली. धीरजच्या प्रोग्रॅमनंही नाव शोधलं, पण ते यादी जिथं संपते त्याच्याही पुढच्या जागेवर असल्याचं सांगितलं. मोजणीचा आकडा शेवटाला नेऊन ठेवला होता ना, त्यानं तोच सांगितला. यादीत नसलेल्या खुर्चीवर माणूस बसवला होता. मागून कुणीतरी फिसकन हसलं. धीरजचा चेहरा उतरला.

परीक्षकांनी धीरजच्या गुणांवर पेन नेलं. मॅडमनी हात आडवा केला.

"त्याचे कापू नका. त्यानं भिंतीवरचा नियम पाळला. तुम्ही नियमालाच गुण दिले होते, ते त्याच्याकडेच राहू द्या. याचे मात्र परत करा. यानं खरं लिहिलं आणि त्याचं उत्तर बरोबर आहे."

मग परीक्षकांनी इरफानचे गुण दुरुस्त केले. मॅडमनी सही केली, पिशवी उचलली. दारात थांबून धीरजला म्हणाल्या, "संध्याकाळी ये. अट वरती कशी लिहायची, तुले दाखवते." 'तुले' ऐकून त्याला रडू आलं.

तक्रार झालीच. परीक्षकांनी ती केली, आणि मोहोड सरांना विभागाची बाजू घेणं भाग होतं. प्रकल्पावर सही घ्यायला मी सरांच्या खोलीत उभी होते तेव्हा मॅडम आल्या. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही.

"मॅडम, तुम्ही चांगलं शिकवता, हे मी कुठंही सांगीन," सर म्हणाले. "मले फक्त एक लिहून द्या. पुढं विभागाची शैली पाळाल अन् पोरांकडून पाळून घ्याल. जूनमध्ये तुमचं नाव मीच पाठवतो."

"कंस कुठं लावायचा, ते लिहून देते. नावं इंग्रजीत पाहिजे, तेही देते. पण बरोबर उत्तराचे मार्क कापीन अन् चुकीच्या उत्तराले देईन, हे कसं लिहू, सर?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"तुमी नाही म्हटलं. भिंत म्हणून राहिली."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही हे नको होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण त्यांनी भिंतीवरचा कागद काढला नाही. मॅडमनी आणखी समजावलं नाही, विनवलं नाही. "बरं," म्हणाल्या आणि निघाल्या.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात. 'तायडे मॅडमवरील अन्यायाविरुद्ध' असा मथळा. त्यात व्यवस्था होती, इतिहास होता, धिक्कार होता. छापायच्या आधी बडनेऱ्याच्या फलाटावर मॅडमना दाखवलं. त्यांनी उभ्या उभ्या, मोठ्यानं, प्रोग्रॅम वाचावा तसं वाचलं. दुसऱ्या परिच्छेदानंतर थांबल्या.

"इथं झालं."

"अजून मुद्दे आहेत, मॅडम."

"मुद्दा इथंच भेटला. मंग काहून फिरून राहिली?" मग त्यांनी मथळ्यातलं स्वतःचं नाव खोडलं. "माह्या नावानं नको काढू. मी दुसरीकडे शिकवीन, मले हात-पाय आहेत. भिंतीवरच्या त्या ओळीच्या नावानं काढ. अन् काय पाहिजे ते एका ओळीत माग."

"म्हणजे तुम्ही लढणार नाही?"

"बाई, लढाई पोराच्या मार्कांची होती. भेटले ते. जून माहा आहे. त्याची अट मी आधीच ठरवून ठेवली होती."

गाडी आली. त्या चढल्या. खिडकीतून हात वगैरे केला नाही.

जूनच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पत्रक निघालं, एका बाजूनं छापलेलं, एका मागणीचं: चालवल्याशिवाय तपासू नका. वडिलांनी कोरी बाजू उलटून पाहिली आणि घड्या घालायला घेतल्या. ते मोहोड सरांच्या टेबलावरही पोचलं. काही महिन्यांनी भिंतीवरच्या कागदावर खाली पेनानं एक ओळ आली, 'प्रोग्रॅम चालवून पाहूनच गुण द्यावेत.' अक्षर सरांचं होतं. ब्रेकचा नियम मात्र तसाच राहिला. मॅडमना परत बोलावलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अकोल्यात. एका कार्यक्रमाला गेले होते, तिथून पत्ता विचारत गेले. पत्र्याच्या जिन्यानं वर एक खोली, खाली तेलघाणी. जिन्याशी रंगवलेली पाटी: 'येथे प्रोग्रॅमिंग शिकवल्या जाते. आधी चालवून पाहिल्या जाते.' दारातून दिसलं, मुली दाटीनं बसलेल्या, मॅडम एकीच्या मागे उभ्या राहून तिचा प्रोग्रॅम मोठ्यानं वाचत होत्या. केस पांढरे व्हायला लागलेले. पायात तेच बूट. मला पाहून त्यांनी बोट वर केलं: थांब.

वाचून झालं तशा बाहेर आल्या. जिन्याच्या कठड्याशी आम्ही बोललो. इरफान कुठं आहे, धीरज काय करतो. मी सांगितलं, धीरज आता दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासतो आणि चालवल्याशिवाय सही करत नाही म्हणून कंपनीत त्याला चिडवतात. त्या थोडं हसल्या. मी म्हणाले, मॅडम, तुमच्यावर काहीतरी लिहायचं म्हणते.

"लिही. पण मोठं नको लिहू. झालं ना बोलणं? जाय, तुही गाडी असन."

त्या वळल्या आणि आत गेल्या. मी जिन्यावर होते तोवर त्यांचा आवाज येत होता. "यादी घे. पहिल्या नावापासून चाल."

मोठं लिहू नको म्हणाल्या होत्या. ते काही जमलं नाही. निदान मागणी एकच ठेवते. कुणाचं काम उद्या तुमच्यापुढे तपासायला येईल. उत्तरपत्रिका असेल, अर्ज असेल, प्रोग्रॅम असेल. त्याची भाषा तुमच्या घरची नसेल, वळण तुमच्या भिंतीवरच्या कागदासारखं नसेल. पेन उघडण्याआधी ते एकदा चालवून बघा. बरोबर चाललं, तर सही करा आणि उठा.